दोष कोठे आहे?

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आटगावच्या पुढे खर्डी हे स्थानक लागते. शहापूर तालुक्यातील हे गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी वसले आहे. तानसा व वैतरणा यांचे जलाशय भरणारा पाऊस याच परिसरात कोसळतो. पावसाळा सरता सरता मात्र त्याचे रूप पालटते. दिवसा ऊन तापते, सायंकाळी ढग दाटतात आणि विजांचा कडकडाट सुरू होतो.

2001 सालच्या परतीच्या पावसातील अशी एक सायंकाळ कल्पनेने डोळ्यांपुढे आणावी. खर्डीतील एका गुरुजींच्या घरी सारे चिंतेत होते. थोरल्या मुलीला शिष्यवृत्तीसाठी पुण्याच्या एका संस्थेकडे अर्ज पाठवायचा होता. तो रात्री बाराच्या आत ई-मेलने पोहोचणे आवश्यक होते. घरात एक जुना संगणक होता आणि त्याच्या शेजारी मोडेम नावाची एक लहानशी पेटी होती. परंतु त्या दिवशी संगणकाचा बाहेरच्या जगाशी संबंधच जुळेना.

"काल रात्री वीज कडाडली, तेव्हाच मोडेम जळाला असणार," गुरुजी म्हणाले. "नवा आणायचा तर कल्याण गाठले पाहिजे. आज ते शक्य नाही."

ताई काही बोलली नाही. तिचे डोळे मात्र भरून आले. धाकटी बहीण सातवीत शिकत होती. ती म्हणाली, "बाबा, मोडेम जळाला हे आपण पाहिले कोठे? आधी तपासून तर पाहू या."

तपासणी करायची, तर यंत्राचे कार्य ठाऊक असले पाहिजे. संगणकाला शून्य आणि एक हे दोनच अंक समजतात. दूरध्वनीची तार मात्र माणसाचा आवाज वाहून नेण्यासाठी घातलेली असते. या दोघांमधील दुभाष्या म्हणजे मोडेम. तो अंकांचे ध्वनिसंकेत करून तारेवर सोडतो आणि पलीकडून आलेल्या संकेतांचे पुन्हा अंक करतो. अमेरिकेत 1962 साली निघालेल्या एका प्रसिद्ध मोडेममध्ये, संपर्क सुरू करणाऱ्या बाजूस, सेकंदास 1,070 कंपनांचा स्वर म्हणजे शून्य आणि 1,270 कंपनांचा स्वर म्हणजे एक, असा संकेत होता. त्याचा वेग सेकंदास 300 अंकांचा होता. पुढे हा वेग वाढत जाऊन 1998 पर्यंत 56,000 वर पोहोचला. विदेश संचार निगमाने 15 ऑगस्ट 1995 रोजी भारतातील सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली, तेव्हा घरोघरचे संगणक याच दुभाष्याच्या साहाय्याने तिच्याशी जोडले जात.

धाकटीने वही घेतली. संगणक, मोडेम, मोडेमची तार, भिंतीवरील डबी आणि बाहेरची तार, असा संदेशाचा मार्ग तिने क्रमाने लिहून काढला. "दोष यांपैकी कोठेही असू शकेल," ती म्हणाली. "एका वेळी एकच गोष्ट पाहायची आणि जे दिसेल ते लिहायचे."

प्रथम तिने मोडेमवरील दिवे पाहिले. ते लागलेले होते. म्हणजे वीजपुरवठा होत होता. नंतर तिने संगणकावरून मोडेमला 'एटी' ही दोन अक्षरे पाठविली. 1981 साली एका अमेरिकन कंपनीने रूढ केलेली ही खूण आहे; 'इकडे लक्ष दे' असा तिचा अर्थ. तत्काळ पडद्यावर 'ओके' हे उत्तर उमटले.

"बाबा, मोडेम उत्तर देतो आहे!" ती म्हणाली. "निदान तो पुरता जळालेला नाही."

आता तिने मोडेमला क्रमांक फिरविण्याची आज्ञा दिली. पडद्यावर सूचना आली, 'नो डायलटोन'. तारेवर जो अखंड स्वर ऐकू यावयास हवा, तो मोडेमला ऐकू येत नव्हता. तिने शेजारच्या दूरध्वनीचा रिसीव्हर कानाला लावला. तेथे स्वर स्पष्ट होता, मात्र त्यात थोडी खरखर मिसळली होती. तीही तिने वहीत नोंदली.

भिंतीवरील डबीतून दोन तारा निघत होत्या. एक दूरध्वनीकडे जाई, दुसरी मोडेमकडे. धाकटीने त्यांची अदलाबदल केली. आता मोडेमची तार लावलेला दूरध्वनी मुका झाला आणि दूरध्वनीची तार लावलेला मोडेम क्रमांक फिरवू लागला! तिने ती मुकी तार कपाटामागून ओढून काढली. मधोमध उंदराने ती कुरतडली होती. आदल्या रात्रीच्या विजेचा या प्रकाराशी काडीचाही संबंध नव्हता.

मोडेममधून ओळखीची किरकिर ऐकू आली आणि संबंध जुळला. ताईचा चेहरा उजळला. परंतु जेमतेम मिनिटभरात तो संबंध तुटला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच.

"शेवटी मोडेमच बिघडला आहे म्हणायचा," गुरुजी उद्गारले.

धाकटीने वही उघडून खरखरीच्या नोंदीवर बोट ठेवले. "ही खरखर मोडेमच्या स्वरांत मिसळत असेल, तर अंक चुकीचे वाचले जात असतील. बाजाराच्या गलबल्यात आपण सावकाश बोलतो, तसे मोडेमला बोलायला लावू या का?"

गुरुजींना हे पटले. मोडेमने सेकंदास 14,400 अंकांपेक्षा अधिक वेग धरू नये, अशी योजना केली. आता संबंध टिकला. ताईचा अर्ज सुमारे एक लक्ष अक्षरांचा, म्हणजे आठ लक्ष अंकांचा होता. त्याला एक मिनिट किंवा थोडा अधिक वेळ लागणार होता. तिघेही पडद्याकडे एकटक पाहत राहिली. अर्ज गेला, तेव्हा बारा वाजण्यास तासाहून अधिक अवकाश होता.

खरखरीचे मूळ शोधण्यासाठी धाकटी त्याच वेळी वळचणीखालचा तारेचा सांधा उघडणार होती. गुरुजींनी तिला थांबविले. "घंटी वाजते, तेव्हा त्या तारेत जोराचा धक्का देण्याइतकी वीज येते. शिवाय आकाशात ढग आहेत. आपले काम कोठे थांबते हेही कळले पाहिजे," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी लाइनमन आला. त्याने सांधा उघडला, तेव्हा ओलाव्याने तांब्यावर हिरवा गंज चढलेला दिसला. त्याने तार कापून सांधा नव्याने बांधला आणि खरखर थांबली.

अशा रीतीने दोष एक नव्हता, दोन होते; आणि ज्याच्यावर आळ आला होता, तो मोडेम निर्दोष होता. विजेमुळे मोडेम जळतात हे खरे आहे. म्हणूनच वादळात त्यांच्या तारा काढून ठेवतात. परंतु वीज आधी चमकली आणि मोडेम नंतर बंद पडला, एवढ्यावरून विजेनेच तो बिघडविला असे सिद्ध होत नाही. एकामागून दुसरे घडणे वेगळे आणि एकामुळे दुसरे घडणे वेगळे.

तांब्याच्या तारेवर किरकिरणारे ते मोडेम आता घरोघरी दिसत नाहीत. तथापि यंत्र कोणतेही असो, ते बंद पडल्यावर निवाडा देण्यापूर्वी पुरावा पाहण्याची रीत आजही तीच आहे. माणसांच्या बाबतीतही ती उपयोगी पडते.

अभ्यास

शब्दार्थ : दुभाष्या – एका भाषेतील बोलणे दुसऱ्या भाषेत सांगणारा, गत्यंतर – दुसरा उपाय, वळचण – छपराची भिंतीबाहेर आलेली कड, आळ – खोटा आरोप.

1. मोडेमला दुभाष्या का म्हटले आहे?
2. दोन तारांची अदलाबदल केल्यामुळे कोणती गोष्ट सिद्ध झाली?
3. वहीतील नोंद पुढे कशी उपयोगी पडली?
4. 'आपले काम कोठे थांबते हेही कळले पाहिजे,' असे गुरुजी का म्हणाले?
5. 'एकामागून दुसरे घडणे' आणि 'एकामुळे दुसरे घडणे' यांतील फरक स्वतःच्या अनुभवातील उदाहरणाने स्पष्ट करा.