निर्वात नळीतली रेल्वे : वेग खरा, हिशेब कच्चा

मुंबईहून पुण्याला २५ मिनिटांत! २०१८ साली ही घोषणा झाली तेव्हा बऱ्याच व्यापाऱ्यांनी मनात मांडे खाल्ले. सकाळी माल बघायचा, दुपारी परत गल्ल्यावर. योजनेचे नाव हायपरलूप. ती का फसली हे समजून घेणे धंदेवाल्याला उपयोगाचे आहे, कारण अशा घोषणा पुन्हा होतील.

तत्त्व काय आहे?

गाडीचा वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो तोडायला लागणारी शक्ती आठपट होते. मग हवाच काढून टाकली तर? लांबच लांब नळी बांधायची, पंपांनी तिच्यातली हवा उपसायची आणि चुंबकीय शक्तीवर तरंगणारा डबा तिच्यातून सोडायचा. कल्पना नवी नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट गोडार्ड यांच्या नावे अशा वाहतुकीचे पेटंट १९५० साली निघाले. स्वित्झर्लंडमधील स्विसमेट्रो कंपनी याच कल्पनेवर १९९२ साली उभी राहिली आणि २००९ साली गुंडाळली गेली. २०१३ साली इलॉन मस्क यांनी आराखडा प्रसिद्ध केला आणि विषय पुन्हा तापला.

तत्त्वात खोट नाही. अडचण बांधकामात आहे. वातावरणाचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १० टन असतो. आतली हवा काढली की हा सारा भार नळीच्या भिंतीवर येतो. शिवाय पोलाद उन्हाने वाढते. ३० अंशांच्या फरकाने १ किलोमीटर पोलाद सुमारे ३६ सेंटिमीटर वाढते, म्हणजे मुंबई-पुण्याएवढ्या नळीत सुमारे ४२ मीटर. ही वाढ सामावणारे सांधे हवे आणि त्यांतून हवाही शिरता कामा नये. वळणाचे गणित तर आणखी कठीण आहे. वेग दहापट केला की वळणाची त्रिज्या शंभरपट लागते. म्हणजे मार्ग जवळजवळ सरळ हवा, आणि मध्ये घाट आला की बोगदे आले.

तिकिटाचा हिशेब

मस्क यांच्या आराखड्यात लॉस एंजेलिस ते सॅन फ्रान्सिस्को मार्गाचा खर्च ६०० कोटी डॉलर आणि तिकीट २० डॉलर धरले होते. दोन्ही दिशांचे मिळून वर्षाला १ कोटी ४८ लाख प्रवासी. गुणाकार करा. वर्षाला २९.६ कोटी डॉलर, २० वर्षांत ५९२ कोटी. म्हणजे तिकिटातून जेमतेम मुद्दल निघते. पण भांडवल वीस वर्षे फुकट कोण देईल? व्याज म्हणा किंवा भागीदाराचा नफा म्हणा, त्याची सोय त्यात कुठेच नाही.

आता आपल्याकडे या. २०१९ साली महाराष्ट्र सरकारने मान्यता दिलेल्या मुंबई-पुणे प्रकल्पाचा अंदाज होता ७०,००० कोटी रुपये, लांबी ११७.५ किलोमीटर. किलोमीटरला सुमारे ५९६ कोटी. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मूळ अंदाज ५०८ किलोमीटरला १ लाख ८ हजार कोटी, म्हणजे किलोमीटरला सुमारे २१३ कोटी होता.

समजा, दर दोन मिनिटांना २८ जणांचा डबा सुटला. तासाला एका दिशेने ८४० प्रवासी. मुंबईची एक गर्दीची लोकल एका खेपेत याच्या कितीतरी पट माणसे नेते. रोज १६ तास, दोन्ही दिशा, एकही जागा रिकामी नाही असे धरले तरी वर्षाला सुमारे ९८ लाख प्रवासी होतात. भांडवलावर ८ टक्के परतावा म्हणजे ५,६०० कोटी. तो दर माणशी ५,७०० रुपये पडतो. वीज, पगार, दुरुस्ती वेगळी.

कंपनीने मात्र वर्षाला १५ कोटी फेऱ्यांची क्षमता सांगितली होती. तेवढ्यासाठी दर आठ सेकंदांना एक डबा सोडावा लागेल. ताशी ५०० किलोमीटर वेगातला डबा जोरात ब्रेक लावूनही थांबायला अर्धा मिनिट घेतो. पुढचा डबा अडकला तर मागच्याचे काय, हे वाचकांनीच ठरवावे.

आणखी एक गंमत. ११७.५ किलोमीटर २५ मिनिटांत म्हणजे सरासरी ताशी २८२ किलोमीटर. हा वेग बुलेट ट्रेनच्या पट्ट्यातलाच आहे, आणि जपानमध्ये बुलेट ट्रेन १९६४ पासून धावते आहे.

शेवट काय झाला?

कंपनीने नेवाडाच्या वाळवंटात ५०० मीटरची नळी बांधली. २०२० साली दोन माणसे बसवून ताशी १७२ किलोमीटर वेग गाठला. ४० कोटी डॉलरहून अधिक भांडवल उभारूनही २०२३ च्या अखेरीस कंपनी बंद पडली. संशोधन मात्र थांबलेले नाही. मद्रास आयआयटीने ४२२ मीटरची चाचणी नळी उभारली आहे. शिकण्यासाठी एवढा खर्च योग्यच आहे.

पण उद्या कोणी अशा मार्गालगतची जमीन किंवा अशा कंपनीचे शेअर घेऊन आला, तर चार प्रश्न विचारा. किलोमीटरला खर्च किती? तासाला माणसे किती? तिकिटात भांडवलाचा मोबदला धरला आहे का? आणि पूर्ण लांबीची गाडी कुठे चालू आहे? चारही उत्तरे कागदावर मिळेपर्यंत बयाणा देऊ नका. वेग पाहून टाळ्या वाजवाव्यात, पैसा हिशेब पाहून लावावा.