कसूर कार्डाची नव्हे

प्रश्न : मी लिहिलेला लिनक्सचा नेटवर्क ड्रायव्हर काही वेळाने 'नोबडी केअर्ड' अशी नोंद करून थांबतो. कार्ड बदलावे काय? – एक वाचक, पुणे

उत्तर : कार्डास दोषी ठरविण्याची घाई नको. एका इंटरप्ट-लाइनवरील १,००,००० इंटरप्टांपैकी ९९,९०० हून अधिकांची जबाबदारी कोणत्याही ड्रायव्हरने स्वीकारली नाही, म्हणजे कर्नल ही नोंद करून स्वसंरक्षणार्थ ती लाइनच बंद करतो. सबब आपल्या हँडलरने प्रथम कार्डाचे स्टेटस रजिस्टर वाचून, इंटरप्ट आपलाच असल्यास कार्डास त्याची पोच देऊन 'आयआरक्यू हँडल्ड', अन्यथा 'आयआरक्यू नन' असा जबाब द्यावा. सरसकट 'हँडल्ड' म्हणणे ही निव्वळ पळवाट होय. पॅकेट्स उपसण्याचे काम नॅपी या कर्नलच्या पोलिंग-यंत्रणेवर सोपवावे, तोवर कार्डाचे इंटरप्ट बंद ठेवावेत आणि काम संपताच न विसरता पुन्हा चालू करावेत. त्या नोंदीत सुचविलेला 'आयआरक्यूपोल' हा बूट-पर्याय केवळ तात्पुरता समजावा. नवे कार्ड तूर्त घेऊ नका.