बक्षीस कोनं देल्लं?

प्रश्न : मी चिखलदरा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत सहावीला मराठी शिकवते. वर्गातली बहुतेक मुलं कोरकू आहेत. परवा सलीम मुल्ला यांचं ‘जंगल खजिन्याचा शोध’ वाचायला घेतलं आणि सहज सांगितलं, की या पुस्तकाला साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालाय. एक मुलगी लगेच उभी राहिली. “मॅडम, हे पुस्तक लेकराइचं हाय ना? मंग त्याले बक्षीस कोनं देल्लं? लेकराइनं?” मला नीट उत्तर देता आलं नाही. हा पुरस्कार नेमका ठरवतं कोण? आणि आमच्या मेळघाटातल्या, कोरकूतल्या गोष्टीला तो कधी मिळू शकेल का?

उत्तर : ताई, तुमच्या विद्यार्थिनीला आधी माझी शाबासकी कळवा. बालसाहित्यावर बोलायला आम्ही मोठी माणसं जमतो तेव्हा हा प्रश्न सहसा कुणी काढत नाही. तिनं तो पहिल्या झटक्यात काढला.

सरळ उत्तर असं, की बक्षीस लेकरांनी दिलेलं नाही. मोठ्यांनी दिलंय. साहित्य अकादमीनं हा पुरस्कार २०१० साली सुरू केला. दरवर्षी प्रत्येक भाषेसाठी तीन परीक्षक नेमले जातात. ते एकमतानं किंवा बहुमतानं एक पुस्तक निवडतात, अकादमीचं कार्यकारी मंडळ त्याला मान्यता देतं, आणि नोव्हेंबरात, बालदिनाच्या सुमारास, लेखकाला ५० हजार रुपये आणि ताम्रपट दिला जातो. पुस्तक नऊ ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी असावं, अशी अपेक्षा असते. म्हणजे तुमची सहावी त्या वयोगटात बरोबर बसते. नेमक्या ज्यांच्यासाठी हे सगळं चालतं, ती ही मुलं.

मराठीतला पहिला पुरस्कार २०१० साली अनिल अवचटांच्या ‘सृष्टीत... गोष्टीत’ला मिळाला. पुढच्याच वर्षी दिलीप प्रभावळकरांच्या ‘बोक्या सातबंडे’ला. सुरुवातीच्या वर्षांत एका पुस्तकाऐवजी लेखकाचं एकूण काम पाहूनही हा मान दिला जायचा. माधुरी पुरंदरे (२०१४) आणि रत्नाकर मतकरी (२०१८) यांना तो तसा मिळाला. कादंबऱ्यांपुरतं बोलायचं तर २०१७ साली ल. म. कडू यांचं ‘खारीचा वाटा’, २०१९ साली तुम्ही वाचायला घेतलेलं ‘जंगल खजिन्याचा शोध’ आणि २०२४ साली भारत सासणे यांचं ‘समशेर आणि भूतबंगला’ ही पुस्तकं निवडली गेली. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांतही बालकादंबरीसाठी वेगळा पुरस्कार आहे, साने गुरुजींच्या नावाचा. मुलांच्या गोष्टींसाठीचा राजा मंगळवेढेकरांच्या नावाचा. तिथेही परीक्षक मोठेच.

सलीम मुल्लांबद्दल एक गोष्ट वर्गात जरूर सांगा. ते कोल्हापूर जिल्ह्यातले, आणि वनखात्यात नोकरी करणारे. तुमच्या मुलांना खाकी कपड्यातला वनरक्षक रोज दिसतो. सेमाडोहच्या नाक्यावर दिसतो, वणव्याच्या दिवसांत जाळरेषा काढणाऱ्या मजुरांसोबत दिसतो. त्या खात्यातला माणूस मुलांसाठी कादंबरी लिहितो आणि तिला देशपातळीवरचा मान मिळतो, हे त्यांना कळायलाच हवं. मेळघाटाला तर हे नवं नाही. मारुती चितमपल्ली इथल्या व्याघ्र प्रकल्पाचे उपसंचालक होते. रानातल्या माणसांकडून झाडापाखरांची नावं टिपून घेत त्यांनी मराठीला शब्द दिले. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ म्हणायचं, हे त्यांनी शिकवलं. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. त्यांची पुस्तकं मोठ्यांची म्हणून फळीवर उंच ठेवलेली असतात. ती खाली काढा. सहावीच्या मुलाला त्यातली चार पानं सहज झेपतात.

आता तिच्या प्रश्नाच्या शेवटच्या शब्दाकडे येतो. “लेकराइनं?” हे विचारताना तिला वाटत होतं, की तसं असायला हवं. मलाही तसंच वाटतं, आणि ते का, हे मला चिखलदऱ्यातच कळलं.

काही वर्षांपूर्वी श्रावणात मी तुमच्याच भागातल्या एका शाळेत गोष्टी वाचून दाखवायला गेलो होतो. परतवाड्याहून घाट चढताना धामणगाव गढीच्या पुढे ढग खाली उतरले ते उतरलेच. वर्गाच्या खिडक्यांना तावदानं नव्हती. धुकं सरळ आत यायचं आणि पहिल्या बाकावरच्या मुलांच्या केसांवर बारीक दव धरायचं. पुस्तकाची पानं दमट होऊन एकमेकांना चिकटत होती. मी आणलेलं पुस्तक देखणं होतं, जाड कागदाचं, रंगीत. त्यात एक आदिवासी मुलगी झाडावर चढून मोहाची फुलं खुडते आणि परडीत टाकते. चित्रात डोक्यावर पिवळाधमक सूर्य. मी पान फिरवून सगळ्यांना दाखवलं.

दुसऱ्या रांगेतला एक मुलगा हळूच म्हणाला, “सर, मोह तोडत नाइ. तो पडते.”

मी थांबलो. मग तो उठून पुढे आला आणि हातांनी दाखवू लागला. झाडाखालचा पाचोळा आधी झाडून जागा कशी साफ करायची. फुलं पहाटे कशी टपटप पडतात. आई अंधारातच टोपलं घेऊन कशी जाते, आणि उन्हं वर यायच्या आत सगळं वेचून कसं व्हायला हवं. बोलताना तो खरंच वाकला होता आणि फरशीवरून एकेक फूल उचलावं तशी बोटं चालवत होता. मागच्या बाकावरच्या दोन मुली हसून माना डोलावत होत्या. हे सगळं त्यांच्या घरचं होतं. एवढ्या वर्षांत त्या पुस्तकातली चूक माझ्या लक्षात आली नव्हती. लेखक, संपादक, चित्रकार यांपैकी कुणाच्याही आली नव्हती. ती सगळी चांगली, मनापासून काम करणारी माणसं असणार, म्हणून पुस्तकाचं नाव घेत नाही. पण चैत्रातली पहाट यांतल्या कुणी मोहाच्या झाडाखाली काढलेली नव्हती. त्या मुलानं काढली होती.

परीक्षकांना भाषा कळते, रचना कळते, याआधी काय काय लिहिलं गेलंय ते माहीत असतं. त्यांची गरज आहेच. पण पुस्तक खरं बोलतंय की नाही आणि पुढचं पान उलटावंसं वाटतं की नाही, या दोन बाबतींत मुलासारखा परीक्षक नाही. जगात काही ठिकाणी हे मानलंही जातं. मुलांच्या पुस्तकांचा सगळ्यात जुना मोठा पुरस्कार अमेरिकेतला न्यूबेरी, १९२२ पासूनचा, ग्रंथपालांच्या संघटनेनं ठरवलेला. पण त्याच देशाच्या वायव्येकडच्या राज्यांत १९४० पासून मुलांच्या मतांवर चालणारा वेगळा पुरस्कार आहे. तिथे शाळाशाळांतली मुलं पुस्तकं वाचून मत देतात, आणि निकाल त्या मतांवर लागतो. न्यूबेरीचा विषय निघालाच आहे तर हेही सांगून टाका, की १९२८ साली तो एका भारतीयाला मिळाला होता. कोलकात्याजवळ जन्मलेले धनगोपाल मुखर्जी. त्यांचं पुस्तक एका कबुतराची गोष्ट सांगणारं होतं.

आता कोरकूचं. इथे मला जड मनानं लिहावं लागतंय.

अकादमी २४ भाषांमध्ये पुरस्कार देते. घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२, शिवाय इंग्रजी आणि राजस्थानी. कोरकू त्यांत नाही. म्हणजे उद्या तुमच्या वर्गातल्या कुणी कोरकूत उत्तम कादंबरी लिहिली, तरी बालसाहित्य पुरस्कारासाठी ती विचारात घेतली जाणार नाही. अकादमीचा भाषा सन्मान आहे, १९९६ पासूनचा, आणि तो अशा मान्यता नसलेल्या भाषांसाठी काम करणाऱ्यांनाही दिला जातो. पण तो आयुष्यभराच्या कामाला. मुलांच्या एका पुस्तकासाठी नाही.

पण ताई, त्या २४ भाषांत संथाली आहे. २००३ च्या ब्याण्णवाव्या घटनादुरुस्तीनं ती अनुसूचीत आली. संथाली आणि कोरकू या एकाच मुंडा कुळातल्या बहिणी आहेत, एक झारखंड-बंगालकडे वाढलेली, दुसरी कुळाच्या अगदी पश्चिम टोकाला, सातपुड्यात. वाघाला कोरकूत ‘कुला’, संथालीत ‘कुल’. पाण्याला इकडे ‘डा’, तिकडे ‘दाक्’. हे दोन शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि मुलांचे चेहरे बघा. आपल्या भाषेची एक बहीण इतकी दूर आहे आणि तिच्यातल्या मुलांच्या पुस्तकांना बक्षिसं मिळतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसणार.

संथालीला हे आपोआप मिळालं नाही. रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ च्या सुमारास तिच्यासाठी ओल चिकी लिपी घडवली, लोकांनी ती शिकली, तिच्यात पुस्तकं छापली, आणि मग अनेक दशकं मागणी लावून धरली. २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सात लाखांहून अधिक नोंदले आहेत. एवढ्या माणसांच्या भाषेत मुलांसाठी छापलेली पुस्तकं एका पिशवीत मावतील इतकीच मला आजवर पाहायला मिळाली. पुरस्काराच्या आधी ही पिशवी भरायला हवी. त्यासाठी लिपीचीही वाट बघायला नको, बाळबोधीत कोरकू छान लिहिता येतं.

आणि एक वाट आजही मोकळी आहे. मेळघाटातल्या मुलानं मोठं होऊन मराठीत लिहिलं आणि संवादांत आपली कोरकू तशीच राहू दिली, तर ते पुस्तक मराठीच्या यादीत येऊ शकतं. त्यात आजी ‘कुला’ म्हणेल तेव्हा तिथे ‘वाघ’ असं बदलायचा आग्रह कुणा संपादकानं धरू नये. वाचणाऱ्याला तो शब्द दोन पानांत कळतो. वऱ्हाडीच्या बाबतीत आपण हे अनुभवलेलंच आहे.

राहता राहिली तुमची विद्यार्थिनी. तिला सांगा, की बक्षीस मोठ्यांनी दिलं, पण तिचं मत अजून कुणी विचारलेलं नाही, आणि मला ते हवंय. वर नाव घेतलेल्यांपैकी चार पुस्तकं मी टपालानं शाळेच्या पत्त्यावर पाठवतोय. पावसाळा संपेपर्यंत वर्गात फिरू द्या. पानं दुमडली, डाग पडले तरी चालेल. मुद्दाम कव्हरं घातलेली नाहीत. मग एक दिवस चारही पुस्तकं टेबलावर मांडा, प्रत्येकासमोर एकेक वाटी ठेवा आणि प्रत्येक मुलाच्या हातात एक चिंचोका द्या. कुणाला का आवडलं, हे त्यांनी कोरकूत सांगितलं तरी चालेल, तुम्ही मराठीत उतरवून घ्या. कुणाला एखाद्या पानावर मोहाच्या फुलांसारखी चूक सापडली, तर पान क्रमांकासकट लिहून ठेवा.

चिंचोके मोजायचं काम तिलाच द्या, आणि निकाल तिच्याच अक्षरात पाठवा. या सदरात तो छापू.