मुलांसाठी तलाव लिहिताना

भंडारा-गोंदिया पट्ट्यातल्या एका मालगुजारी तलावावर मी मुलांसाठी साहसकथा लिहिली. चतुराचं पिल्लू हा नायक. सोबतीला एक कासव, कमळपक्ष्याचं कुटुंब आणि मरळ. लिहिताना जे उमगत गेलं, ते मांडते आहे. ज्यांनी मुलांना खरीखुरी गोष्ट सांगायचा प्रयत्न केला आहे, त्यांना यात स्वतःचंही काही सापडेल.

१. साहस बाहेरून आणावं लागत नाही, ते तलावात भरलेलंच असतं. काठावरचं ओंजळभर पाणी मी पांढऱ्या थाळीत घेतलं, तेव्हा आधी नुसता गाळ दिसला. थोड्या वेळानं गाळाचा एक मातकट तुकडा चालू लागला. ते चतुराचं पिल्लू होतं. त्याचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली बसलेला असतो, टोकाला आकडे असतात. डासाची अळी टप्प्यात आली की ओठ पुढे फेकला जातो आणि अळी धरूनच मागे येतो. हे इतक्या झटकन होतं, की मला दिसली ती फक्त आधी असलेली आणि मग नसलेली अळी. हे पिल्लू पोटाच्या मागच्या टोकातून पाणी आत घेतं आणि तिथल्या कल्ल्यांनी श्वास घेतं. जिवावर बेतलं तर तेच पाणी जोरात मागे सोडून पुढे झेपावतं. ज्याला असं शरीर मिळालं आहे, त्याला मी आणखी कुठली जादू देणार होते?

२. गोष्टीला खलनायक लागतोच असं नाही, भूक पुरते. मरळ पिल्लाच्या मागे लागते, तो प्रसंग मी एका ढीवर आजोबांना वाचून दाखवला. ते डोंग्यात जाळं आवरत होते. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “लिवा ताई, पण मरळीले बदनाम करू नका. लेकरं कशी राखते ते बी लिवा.” मग त्यांनी शिंगाड्याच्या वेलांमधली एक मोकळी जागा दाखवली. तिथे पाण्याच्या वरच्या थरात मरळीची इवली पिल्लं गुलालाच्या ढगासारखी सरकत होती. हवा घ्यायला सगळी एकदम वर यायची, पुन्हा खाली जायची. आणि खाली, नीट पाहिलं तरच दिसेल अशी, राखण करणारी काळी पाठ. शिकार करणारं तोंड आणि राखण करणारं तोंड एकच. आठ-दहा वर्षांच्या मुलांना हे झेपेल का, अशी मला धास्ती होती. मुलांना ते सहज झेपलं. अडखळले ते मोठे वाचक.

३. तलावातले बाप मला सर्वांत जास्त चकित करून गेले. कमळपक्ष्याची मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते. जवळपास चार आठवडे अंडी उबवतो तो नर, पिल्लांना सांभाळतोही तोच. धोका जाणवला की कमळपक्ष्याचा बाप पिल्लांना पंखांखाली धरून उचलतो. तेव्हा पंखांखालून पिल्लांचे लांबलचक पाय लोंबताना दिसतात आणि एकाच पक्ष्याला इतके पाय कुठून आले, असा क्षणभर प्रश्न पडतो. पाण्यातल्या एका चपट्या ढेकणाच्या जातीत मादी आपली अंडी थेट नराच्या पाठीवर चिकटवते. ती फुटेपर्यंत तो त्यांना पाठीवर घेऊन फिरतो, मधूनमधून पाण्याच्या वर आणून हवा देतो. हे प्रकरण एका वर्गात वाचलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, “आमच्याकडे पण बाबाच डबा करतात.” त्यावर कोणी हसलं नाही. पुस्तकातलं माझं सर्वांत आवडतं प्रकरण आता तेच आहे.

४. रात्रीपेक्षा पहाट कठीण असते. दिवसा पाणवनस्पती उन्हात प्राणवायू तयार करतात. अंधार पडला की ते काम थांबतं, श्वास मात्र सगळ्यांचा चालूच राहतो, वनस्पतींचासुद्धा. त्यामुळे पाण्यातला प्राणवायू रात्रभर कमी होत जातो आणि उजाडण्याच्या जरा आधी सर्वांत कमी असतो. ढगाळ, वारा पडलेल्या दिवसांत रोहू-कटला पहाटे पृष्ठभागाशी तोंड उघडून तडफडताना दिसतात. मरळ, मागूर, शिंगी यांना थेट हवेतून श्वास घेता येतो, म्हणून ते निभावून नेतात. हे कळल्यावर मी कथेचा सगळ्यात थरारक भाग मध्यरात्रीतून काढून पहाटेत नेला.

५. प्राणी बोलले तरी चालतं, पण त्यांनी आपल्या अंगाबाहेरचं बोलू नये. एवढी एकच अट मी पाळली.

६. कथानक पाण्याची पातळीच रचते. आषाढात पहिलं पाणी भरतं, बेडकांचे नर पिवळेधमक होऊन ओरडू लागतात, मासे उथळ पाण्यात अंडी घालायला चढतात. हिवाळ्यात बदकं उतरतात. मग पाणी ओसरत जातं, काठाचा चिखल उघडा पडतो आणि मुग्धबलाक पक्षी त्यात मोठ्या गोगलगायी शोधत फिरतात. उन्हाळ्यात त्याच गोगलगायी झाकण घट्ट लावून चिखलात पडून राहतात. मऊ पाठीचं कासवही ओल्या मातीत स्वतःला पुरून पावसाची वाट पाहतं. कथेत मला सर्वांत जड गेलं ते कासवाचं हे थांबणं लिहिणं, कारण साहसकथेतल्या नायकानं धावावं अशी आपली सवय आहे. इथे न हलणं हाच पराक्रम आहे. आणि हा सगळा निसर्ग माणसानं बांधलेल्या पाळीच्या आधारानं उभा आहे! उतार, ओढे आणि माती ओळखून कोहळी लोकांनी हे तलाव बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील यांनी बांधला, असं सांगितलं जातं. धानाला पाणी मिळावं म्हणून बांधलेल्या अशा तलावांत कमळं आली, मासे आले, आणि गोंदियाच्या धानपट्ट्यात सारसही घरटी करू लागले. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे मालगुजार जमीनदारांची मालकी, गेली आणि तलाव सरकारकडे आले. लोक आजही त्यांना मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. मुलांना मात्र ते नाव ऐकून तलाव आपल्या नात्यातला वाटतो, आणि मला ते फार बरं वाटतं.

७. माणूस गोष्टीत हवाच, आणि तो केवळ नासधूस करणारा नको. पाळीवर, काठावर बेशरम माजते. ही झुडपं अमेरिका खंडातून आलेली, त्यांना गुरं तोंड लावत नाहीत, आणि त्यांच्या गचपणात स्थानिक पाणवनस्पतींना जागा उरत नाही. वनस्पती गेल्या की माशांची अंडी घालायची आणि लपायची ठिकाणं जातात. या भागातल्या काही गावांत ढीवर बायांनी पाण्यात उतरून बेशरम मुळापासून उपटली आणि तिथे जुन्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. माझ्या कथेत त्या बाया फक्त गुडघ्यापर्यंत दिसतात, कारण पाण्यातल्या पिल्लाला तेवढंच दिसतं. त्यांचं काम मुलांना त्या पायांवरून कळतं. असं शेवटपर्यंत लिहिता आलं याचं मला समाधान आहे.

८. नायक परत येत नाही, हेही मुलं स्वीकारतात. पावसाळ्यात थव्यांनी उडणारा पिवळसर चतुर मी नायक म्हणून निवडला, त्याचं पिल्लू साठलेल्या पावसाळी पाण्यात दीड-दोन महिन्यांत वाढतं. मग ते एका रात्री देवधानाच्या, म्हणजे रानभाताच्या, ताटावर चढतं, पाठ उकलते, आणि चुरगळलेले पंख हळूहळू ताठ होतात. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञानं २००९ साली मांडलं, की हे चतुर पावसाळ्यानंतरच्या वाऱ्यांवर भारतातून निघून मालदीवमार्गे समुद्र ओलांडतात आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत पोचतात. जे परततात ते त्यांच्या पुढच्या पिढ्यांतले असतात. हे सांगितल्यावर वर्गात वाद सुरू झाला. एकाचं म्हणणं, मग ही गोष्ट अर्धवट आहे. दुसऱ्याचं म्हणणं, समुद्रावर तो खातो काय, ते आधी सांगा. मी दुसऱ्याच्या बाजूची आहे. पुढचं पुस्तक त्या प्रश्नापासून सुरू केलं आहे.