जुन्या ग्रंथांना जुन्या नावाने हाक

ग्रंथालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पुस्तकांची कपाटे उभी राहतात. परंतु आता ग्रंथालयातील संगणकासमोर बसूनही दूरदूरच्या ग्रंथांची पाने चाळता येतात. खरगपूरच्या आय. आय. टी.ने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय १९ जून २०१८ रोजी राष्ट्रास अर्पण झाले. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संग्रहात विद्यापीठांतील प्रबंध आहेत. ही दोन्ही दालने सर्वांस विनामूल्य खुली आहेत. संशोधनाची कित्येक नियतकालिके मात्र वर्गणी भरूनच मिळतात. सरकारी उच्च शिक्षणसंस्थांसाठी ती सोय १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजनेने झाली आहे.

तथापि दार उघडे असले म्हणजे वस्तू सापडतेच असे नाही. आपल्या भागातील जुन्या रेल्वेची माहिती हवी म्हणून आम्ही संगणकावर ‘हुब्बळ्ळी’ आणि ‘रेल्वे’ हे शब्द इंग्रजीत लिहिले. २०२३ साली राष्ट्रास अर्पण झालेल्या १,५०७ मीटर लांबीच्या फलाटाचे वर्णन तेवढे मिळाले. जुने कोणी काही लिहिलेच नसावे, असे म्हणून आम्ही उठणार, तोच ग्रंथपाल म्हणाले, “जुन्या ग्रंथांना जुन्या नावाने हाक मारा, म्हणजे ते ओ देतील.”

त्यांचे म्हणणे यथार्थ होते. ‘हुब्बळ्ळी’ हे रूप इंग्रजी लेखनात अधिकृत झाले ते १ नोव्हेंबर २०१४ रोजी; तत्पूर्वी तेथे ‘हुबळी’ असे लिहीत. धारवाडच्या इंग्रजी नावाअखेर पूर्वी ‘डी’ऐवजी ‘आर’ हे अक्षर असे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा १८८४ सालचा बाविसावा खंड याच ‘धारवार’ नावाचा आहे. रेल्वे कंपनीचे नावही निराळे, ‘सदर्न मराठा रेल्वे’. तिची कचेरी धारवाडात होती आणि १९०८ साली ती व मद्रास रेल्वे एकत्र झाल्या. १९१७ साली स्थापन झालेले कर्नाटक महाविद्यालय आज ज्या भव्य वास्तूत आहे, ती वास्तू मुळात याच कंपनीची!

मराठी ग्रंथ शोधतानाही हेच ध्यानी ठेवावे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वी ‘नांव’, ‘गांव’ असे अनुस्वारयुक्त लेखन रूढ होते. म्हणून दोन्ही रूपे लिहून पाहावीत. मोडी लिपीतील कागद तर बहुधा सूचीवरूनच शोधावे लागतात. माहिती सापडली की ग्रंथाचे नाव, वर्ष व पृष्ठ टिपून घ्यावे आणि दुसऱ्या ग्रंथाशी ताडून पाहावे.

यंत्र बहुधा आपण दिलेली अक्षरे तेवढी शोधते. कोणती अक्षरे द्यावीत हे आपणच जाणले पाहिजे. एका शब्दाने काही मिळाले नाही म्हणून ‘माहितीच नाही’ असा निर्वाळा देणे, हे आपल्या गावासाठी लिहून ठेवणाऱ्या पूर्वजांवर अन्याय करणे होय. तो आपल्या हातून न घडो!