एक दिवस नवी मुंबईत : पाहणं, खाणं आणि प्रवासवर्णन लिहिणं



प्रवासवर्णन लिहा म्हटलं की वर्गात हमखास एक तक्रार येते. 'सर, आम्ही कुठे फिरायला गेलोच नाही, मग लिहायचं काय?' पु. ल. देशपांडे यांचा 'पूर्वरंग' वाचलेला असला, तर प्रवासवर्णनासाठी थेट जपान गाठायला हवं असंच वाटतं. नवी मुंबईत राहणारी मुलं तर पुढे म्हणतात, 'इथे काय आहे बघण्यासारखं? नुसत्या इमारती आणि मॉल!'

आजच्या पाठात आपण एका दिवसात नवी मुंबई पाहू, तिथलं खाऊ आणि त्यावर प्रवासवर्णन कसं लिहायचं ते शिकू. वाशीहून निघायचं आणि बेलापूरला संपवायचं. खर्च लोकलच्या तिकिटाचा, थोडा रिक्षाचा आणि जेवणाचा.

१. निघण्यापूर्वी : हे शहर आलं कुठून?

मुंबईवरचा ताण कमी करायला खाडीपलीकडे नवं शहर वसवावं, ही कल्पना १९६० च्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातली ९५ गावं आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन या नव्या शहरासाठी निवडली गेली.

आता रेल्वे स्थानकांची नावं वाचा. वाशी, सानपाडा, जुईनगर, नेरूळ, सीवूड्स-दारावे, बेलापूर, खारघर. यातली जवळपास सगळी नावं जुन्या गावांची आहेत. 'सीवूड्स' हे नाव नवं, पण त्याला चिकटलेलं 'दारावे' हे गाव जुनंच. म्हणजे स्थानकाची पाटी वाचतानाच तुमचा इतिहासाचा अभ्यास सुरू होतो.

जपानमध्ये टोकियोजवळ योकोहामा नावाचं मोठं बंदर आहे. १९६५ पासून ते मुंबईचं 'भगिनी शहर' आहे. १८५९ मध्ये परदेशी व्यापाराला खुलं होण्याआधी तेही मासेमारीचं छोटं गावच होतं. एका मोठ्या शहराशेजारी, मच्छीमारांच्या किनाऱ्यावर नवं शहर उभं राहणं ही गोष्ट जपानलाही ठाऊक आहे. जपानला गेलेला मराठी पर्यटक योकोहामाचं बंदर कौतुकाने बघतो. तेवढंच कौतुक आपण दिवाळे कोळीवाड्याच्या धक्क्यावर उभं राहून करून बघू.

२. दिवस कसा निवडायचा? तिथीवरून!

या सहलीचं वेळापत्रक खाडी ठरवते. थंडीत आणि उन्हाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मे, इथे फ्लेमिंगो म्हणजे रोहित पक्षी येतात. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो, तेव्हा ते तिथे खात असतात, आपल्यापासून बरेच लांब. भरतीला चिखल पाण्याखाली गेला की ते आसऱ्याला सीवूड्स-नेरूळ भागातल्या पाणथळींवर येतात, आपल्या अगदी जवळ. म्हणून भरतीची वेळ साधायची.

कोकणात यासाठी एक सोपं गणित आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते.

• चतुर्थी : ४ × ३/४ = ३ वाजता
• अष्टमी : ८ × ३/४ = ६ वाजता
• द्वादशी : १२ × ३/४ = ९ वाजता

दिवसातून दोनदा भरती येते, म्हणून हे आकडे सकाळ आणि संध्याकाळ दोन्हींना लागू पडतात. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, गणित तेच. खाडीत आतल्या बाजूला पाणी जरा उशिरा चढतं, एवढं लक्षात ठेवा. आपल्या सहलीसाठी जानेवारी-फेब्रुवारीतली द्वादशी उत्तम. सकाळी नऊला भरती, दुपारी तीनच्या सुमाराला ओहोटी. दोन्ही बघायला मिळतात. घरच्या कॅलेंडरवर तिथी असतेच. ती बघा आणि गणित करा.

३. सकाळी साडेसहा : वाशी

मुंबईकडून येत असाल तर मानखुर्दनंतर लोकल खाडीपुलावर चढते. दाराशी लटकू नका, खिडकीतून बघा. खाली पाणी, दोन्ही काठांना तिवरांची हिरवी किनार. रस्त्याचा पहिला पूल १९७० च्या दशकात सुरू झाला, पण लोकल वाशीला पोहोचायला १९९२ उजाडलं. ज्यांनी आधी इथे घरं घेतली त्यांनी तेवढी वर्षं बसच्या रांगेत काढली. घरी आजी-आजोबांना त्याबद्दल विचारा. पुस्तकात न मिळणारा मजकूर मिळेल.

वाशीत पहिला मुक्काम एपीएमसी मार्केटचा. मस्जिद बंदर, भायखळा अशा मुंबईच्या दाटीतले घाऊक बाजार १९८० आणि १९९० च्या दशकांत टप्प्याटप्प्याने इथे हलवले गेले. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि धान्य असे वेगवेगळे बाजार आहेत. तुमच्या घरातला कांदा बहुतेक इथूनच गेलेला असतो. मसाला बाजाराच्या गल्लीत डोळे मिटून उभं राहिलात तरी कुठे आहात ते नाकाला कळेल. सुकी मिरची, धणे, हळद. वहीत हे वास लिहून ठेवा.

नाश्ता बाजारातच करा. हमाल, ड्रायव्हर, अडते जिथे खातात तिथेच. गरम चहा, वडापाव किंवा उसळपाव. रात्रभर ट्रक रिकामे करून बसलेल्या माणसांच्या शेजारी बसून खाताना, आपल्या ताटापर्यंत भाजी कशी पोहोचते हे आपोआप समजतं. एक सूचना : हातगाड्या जोरात येतात, त्यांच्या वाटेत उभे राहू नका.

४. सकाळी नऊ : सीवूड्सची पाणथळ

लोकलने सीवूड्स-दारावेला उतरा. तिथून रिक्षाने डीपीएस तलावाकडे जा. हे नाव शेजारच्या शाळेवरून पडलं आहे.

गडद गुलाबी चोचीचे लहान ते छोटे रोहित, आणि फिकट, उंच मानेचे ते मोठे रोहित. खाताना ते डोकं उलटं करतात आणि चोचीतून पाणी गाळून शेवाळ, बारीक जीव टिपतात. त्यांचा गुलाबी रंग या खाण्यातूनच येतो. खाणं बदललं तर रंगही फिका पडतो. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. २०२२ मध्ये त्याला 'रामसर स्थळ' हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

आता जरा विचार करा. नवी मुंबई स्वतःला 'फ्लेमिंगो सिटी' म्हणवते. चौकाचौकांत फ्लेमिंगोचे पुतळे आहेत, भिंतींवर चित्रं आहेत. पण अशा तलावात भरतीचं पाणी यायची वाट एखाद्या बांधाने किंवा भरावाने बुजली, तर तलाव सुकतो आणि पक्षी फिरकत नाहीत. पुतळ्याला पाणी लागत नाही, पक्ष्याला लागतं. म्हणूनच इथले नागरिक या पाणथळी वाचवण्यासाठी वर्षानुवर्षं धडपडत आहेत. तुम्ही तिथे गेलात तर शांत उभे राहा, दगड मारू नका, सेल्फीसाठी पाण्यात उतरू नका. तेवढी मदतही मोठी आहे.

५. दुपारी बारा : आगरी-कोळी जेवण

बेलापूरजवळ दिवाळे गाव आहे. हा कोळीवाडा आहे. धक्क्याला होड्या, वाळत घातलेली जाळी आणि मासळी विकणाऱ्या मावश्या. भाव विचारलात तर आधी तुमच्याकडे नीट बघतील, मग सांगतील. 'मावशी, हे काय आहे?' असं नीट विचारलं तर नावासकट कालवणाची कृतीही सांगतात.

या पट्ट्यातले मूळ रहिवासी मुख्यतः आगरी आणि कोळी. 'आगर' म्हणजे मिठागर. मीठ पिकवणं, खाऱ्या जमिनीला बांध घालून भात लावणं आणि खाडीत मासे धरणं यावर इथली घरं चालत. त्यामुळे इथलं ताट म्हणजे इथला भूगोलच. तांदळाची भाकरी, कारण शेत भाताचं. गरम पाण्यात पिठाची उकड काढून, हातावर थापून केलेली, पांढरीशुभ्र. सोबत चिंबोऱ्यांचा रस्सा, कारण तिवरांच्या मुळाशी चिंबोऱ्या राहतात. निवट्या, कारण ओहोटीच्या चिखलात त्या उड्या मारत असतात. सुकट किंवा सुका बोंबील, कारण पावसाळ्यात मासेमारी थांबते तेव्हा घराला तेच पुरतं. मासे न खाणाऱ्यांसाठी वालाचं बिरडं आहे. भाकरीबरोबर तेही तितकंच झकास लागतं.

पण जेवताना एक प्रश्न जरूर विचारा : 'पूर्वी एवढीच मासळी मिळायची का?' उत्तर बहुतेक ठिकाणी सारखंच येतं. खाडीच्या एका अंगाला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा, भोवती वाढतं शहर आणि त्या सगळ्यांचं सांडपाणी. मासळी कमी झाली, खाडीवर जगणारी घरंही कमी झाली. तुमच्या ताटातली चिंबोरी चवदार आहे हे लिहाच, पण ती मिळणं अवघड होत चाललंय हेही लिहा.

६. दुपारी तीन : बेलापूर किल्ला

पनवेल खाडीच्या मुखाशी छोट्या टेकडीवर बेलापूरचा किल्ला आहे. तटबंदी बरीच पडली आहे, बुरुजाचे अवशेष उभे आहेत. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे आणि १८१७ मध्ये इंग्रज असे याचे मालक बदलत गेले. एवढ्याशा किल्ल्यासाठी इतकी भांडणं का? उत्तर समोरच आहे. खाडीतून पनवेल बंदराकडे जाणारी प्रत्येक होडी इथून दिसते.

आता ओहोटी आहे. सकाळी जिथे पाणी होतं तिथे चिखल पसरलेला दिसेल. पलीकडच्या काठाला उलवे, आणि तिकडेच नवी मुंबईचा विमानतळ. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. त्याच्यासाठीही गावं उठली.

इथे उभं राहून एक तारीख आठवायला हवी. जमिनीचा योग्य मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी लढा दिला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. पुढे शेतकऱ्यांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून २०२१ मध्ये इथल्या गावांनी मानवी साखळी केली, सिडकोवर मोर्चा नेला. आपण ज्या सरळ, रुंद रस्त्यांवरून दिवसभर फिरलो त्यांच्याखाली कुणाचं तरी भाताचं शेत होतं, हे या जागी जास्त जाणवतं.

७. संध्याकाळी पाच : आर्टिस्ट व्हिलेज

शेवटचा मुक्काम बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज. १९८० च्या दशकात चार्ल्स कोरिया यांनी ही वसाहत आखली. सात-सात घरं एका छोट्या सामाईक अंगणाभोवती. प्रत्येक घर स्वतंत्र, म्हणजे कुटुंब वाढलं की घरही वाढवता यावं. आज बऱ्याच जणांनी घरं पाडून मोठी बांधली आहेत, पण अंगणं, झाडं आणि अंगणात बसून गप्पा मारणारी माणसं अजून आहेत. गंमत म्हणजे आपण दुपारी दिवाळ्यात बघितलेली वस्तीही अशीच : घराला घर जवळ, मध्ये सगळ्यांची जागा. मोठ्या वास्तुरचनाकाराने नव्या शहरात जे आणायचा प्रयत्न केला, ते गावात आधीपासून होतं.

इथून बाहेर पडल्यावर डोसा खा, मोमो खा, पाणीपुरी खा. केरळ, बंगाल, पंजाब, उत्तर प्रदेश, सगळीकडची माणसं इथे येऊन राहिली आणि आपापली चव घेऊन आली. तेही या शहराचं खरं जेवण आहे. पाय दुखत नसतील तर बेलापूरहून नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोने खारघरपर्यंत चक्कर मारा.

८. आता लिहूया : प्रवासवर्णनाची पंचसूत्री

१. यादी नको. 'मग आम्ही इथे गेलो, मग तिथे गेलो' असं लिहू नका. तीनच जागा घ्या, पण नीट दाखवा.
२. पाचही इंद्रियं वापरा. मिरचीचा खकाणा, चिखलाचा वास, भाकरी थापल्याचा आवाज.
३. माणसं आणा. कुणी काय सांगितलं ते त्यांच्याच बोलीत लिहा.
४. 'का?' विचारा. हे इथेच का? हा पदार्थ इथलाच का?
५. न आवडलेलंही लिहा. फक्त कौतुक केलं तर ती जाहिरात होते.

शब्दार्थ

• तिवर : खाडीकाठच्या खाऱ्या चिखलात वाढणारं झाड
• पाणथळ : कायम किंवा काही काळ पाणी साचून राहणारी जमीन
• अडत्या : घाऊक बाजारात शेतकऱ्याचा माल विकून देणारा व्यापारी
• निवट्या : ओहोटीच्या चिखलात उड्या मारणारे छोटे मासे
• धक्का : होड्या लागण्याची जागा

स्वाध्याय

१. येत्या रविवारची तिथी शोधून भरतीची वेळ काढा. दुसऱ्या दिवशी ती किती मिनिटांनी पुढे जाईल?
२. तुमच्या जवळच्या स्थानकाचं किंवा बसथांब्याचं नाव कोणत्या गावावरून आलं ते शोधा.
३. 'आमच्या ताटातला भूगोल' या विषयावर दहा ओळी लिहा.
४. शहरासाठी जमीन दिलेल्या कुटुंबातल्या एका आजी-आजोबांशी बोला. पूर्वी ती जमीन कशी होती, तिथे काय पिकायचं, हे त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.

चौथा प्रश्न मात्र लवकर करा, मुलांनो. ती जमीन आपल्या पायांनी तुडवलेली माणसं आता थकली आहेत. त्यांच्या आठवणी अजून कुणी वहीत उतरवल्या नसतील, तर त्या तुम्ही उतरवा.