‘ड्यून’ : थिएटरात की लॅपटॉपवर?

सबमिशन संपलं की होस्टेलवर एक प्रश्न हमखास निघतो. पिक्चर थिएटरात बघायचा की कोणाच्या तरी लॅपटॉपवर? बहुतेक वेळा उत्तर खिसाच देतो! पण कादंबरीवरून केलेल्या विज्ञानपटाच्या बाबतीत थोडं गणित करून ठरवावं. उदाहरण म्हणून ‘ड्यून’ घेऊ.

फ्रँक हर्बर्ट यांची ही कादंबरी १९६५ ची. तिच्यातलं बरंचसं नाट्य पात्रांच्या मनात घडतं. पॉल वेदनेच्या पेटीत हात घालतो, तेव्हा त्याच्या डोक्यात काय चाललंय ते आपण पानावर वाचतो. कॅमेऱ्याला मनात शिरता येत नाही. डेव्हिड लिंच यांनी १९८४ च्या चित्रपटात हे विचार कुजबुजत्या आवाजात ऐकवले. डेनी व्हिलनव्ह यांनी २०२१ मध्ये तो मार्ग सोडला आणि पुस्तकातल्या वाक्यांचं काम भव्य दृश्यांवर आणि ध्वनीवर सोपवलं. म्हणजे इथे पडदा आणि स्पीकर ही नुसती सजावट नाही, कथेचा अर्थच त्यांच्यात आहे.

आता दृश्यकोन काढू. पडद्याची अर्धी रुंदी भागिले अंतर, त्याचा टॅन इन्व्हर्स, गुणिले दोन. १२ मीटर रुंद पडदा १५ मीटरवरून सुमारे ४४ अंश व्यापतो. १५.६ इंची लॅपटॉपची रुंदी साधारण ३४.५ सें.मी.; अर्ध्या मीटरवरून कोन ३८ अंश येतो. वाईट नाही! पण तोच लॅपटॉप खुर्चीवर ठेवून पाच जण दोन मीटरवर बसले की कोन उरतो फक्त १० अंश. त्यात २.३९ : १ चौकटीचं चित्र १६ : ९ स्क्रीनवर बसवताना जवळपास पाव स्क्रीन काळीच राहते.

ध्वनीचं दुखणं याहून मोठं. या कथेत वाळूतला महाकाय किडा लयबद्ध ठोक्यांकडे ओढला जातो, म्हणून वाळवंटात पावलं मुद्दाम लय मोडून टाकायची असतात. असा खोल ठोका म्हणजे कमी वारंवारतेचा ध्वनी. ४० हर्ट्झची तरंगलांबी साडेआठ मीटरच्या आसपास भरते. तो मोठ्याने वाजवायला भरपूर हवा हलवावी लागते, आणि लॅपटॉपच्या टीचभर स्पीकरला ते जमत नाही. मग किडा दिसतो, पण त्याची भीती वाटत नाही. २०२२ मध्ये या चित्रपटाला मिळालेल्या सहा ऑस्करांत ध्वनी, संगीत आणि छायाचित्रणही होतं, ते उगीच नव्हे.

अमेरिकेत हा चित्रपट २२ ऑक्टोबर २०२१ ला थिएटरात आणि घरच्या स्ट्रीमिंगवर एकदमच आला. त्या धोरणाला व्हिलनव्ह यांनी जाहीर विरोध केला होता. त्यांचा राग का होता, ते वरच्या आकड्यांवरून कळेल.

मग घरी बघूच नये का? तसं नाही. घरी थांबवता येतं, मागे नेता येतं, सबटायटल्स वाचता येतात. मांडीवर कादंबरी ठेवून प्रसंग ताडून बघायला घरासारखी जागा नाही.

तेव्हा जमलं तर पहिल्यांदा थिएटर, अभ्यासाला घर. पैसे नसतील तर दिवे बंद करा, चांगले हेडफोन लावा, स्क्रीनजवळ बसा आणि गर्दी दोघांवर आणा. एवढं केल्यावर मग खुशाल म्हणा, पिक्चर बोअर आहे. पण मेसच्या रांगेत मोबाईलवर तुकड्या-तुकड्यांनी बघून तसं म्हणू नका!